सान्ता क्रोचे नीट बघायचं असेल तर

पहिल्यांदा मी फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे चर्चमध्ये गेले आणि पस्तीस मिनिटांत बाहेर आले. मायकेलँजेलोचं थडगं, फोटो. कवी दान्तेचं थडगं, फोटो. गॅलिलिओचं थडगं, फोटो. बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर मैत्रिणीनं विचारलं, "जोत्तोची चित्रं कशी वाटली?" मी म्हटलं, कुठली जोत्तोची चित्रं? (जोत्तो म्हणजे सातशे वर्षांपूर्वीचा इथला मोठा चित्रकार.) आणि दान्तेच्या त्या थडग्यात दान्ते नाहीच, हे रात्री हॉटेलवर वाचताना कळलं.

तीन वर्षांनी आईला घेऊन पुन्हा गेले, तेव्हा साडेतीन तास लागले आणि तरीही काही राहिलंच. या दोन फेऱ्यांमध्ये जे चुकलं आणि जे जमलं, ते इथं क्रमानं लिहिते आहे. तुम्ही पहिल्यांदाच जात असाल तर माझी पहिली फेरी तुम्हाला वगळता येईल.

आधी एवढंच लक्षात ठेवा. हे फ्रान्सिस्कन साधूंचं चर्च. गरिबीचं व्रत घेतलेल्या संत फ्रान्सिसच्या अनुयायांनी १२९४-९५ च्या सुमारास ते बांधायला घेतलं. आराखडा आर्नोल्फो दी कांबियोचा मानतात. पुढे शहरातल्या सावकार घराण्यांनी पैसा ओतला, आपापली चॅपेलं, म्हणजे चर्चच्या आतली छोटी देवघरं, बांधून घेतली आणि स्वतःला इथंच पुरून घेतलं. म्हणून गरिबीच्या देवळात श्रीमंतीची ही गर्दी. पायाखालच्या फरशीतच पावणेतीनशेच्या आसपास थडग्यांचे दगड आहेत.

१. दिवस आणि वेळ ठरवा

सोमवार ते शनिवार हे चर्च साधारण सकाळी साडेनऊला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बंद होतं. रविवारी आणि सणाच्या दिवशी सकाळी प्रार्थना असते, त्यामुळे पर्यटकांना दुपारी साडेबारानंतरच आत सोडतात. शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या अर्धा तास आधी. पण अर्ध्या तासात काय बघणार? बंद व्हायला निदान अडीच तास असतील तरच जा.

इथला नेहमीचा सापळा सणांचा. नाताळ, ईस्टर, १ जानेवारी हे तर आपल्याला सुचतं. पण १३ जून (पाडुआच्या संत अँथनीचा दिवस) आणि ४ ऑक्टोबर (संत फ्रान्सिसचा दिवस) हे फ्रान्सिस्कनांचे खास सण आहेत, आणि त्या दिवशी पर्यटकांना दार बंद असतं. जायच्या आदल्या रात्री चर्चच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या तारखेची वेळ एकदा बघाच. एखादा समारंभ किंवा अंत्यविधी असला तरी वेळ बदलते.

जूनमध्ये आणखी एक गंमत असते. समोरच्या चौकात वाळू टाकून, लाकडी बाकांचे मांडव उभारून 'काल्चो स्तोरिको' नावाचा जुना खेळ होतो. चेंडू असतो म्हणून फुटबॉल म्हणायचं, नाहीतर कुस्तीच ती. अंतिम सामना २४ जूनला, शहराच्या संताच्या दिवशी. खेळ बघायला मिळाला तर नशीब, पण त्या दिवसांत चर्चचा दर्शनी भाग मांडवांमागे गेलेला असतो. संपूर्ण चर्चचा फोटो हवा असेल तर जून टाळा. आणि फोटो दुपारनंतर काढा, कारण तोंड पश्चिमेला आहे. सकाळी तो भाग सावलीत असतो.

२. तिकीट काढताना

तिकीट लागतं. 'चर्चला कसलं तिकीट' असं आई पण म्हणाली. प्रार्थनेसाठी जाणाऱ्यांना वेगळ्या दारानं फुकट प्रवेश आहे, पण तो खरोखर प्रार्थनेसाठीच. तिथून आत शिरून चित्रं बघता येतील असं समजू नका, आणि तसं करूही नये.

- इटलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. सान्ता क्रोचे त्या यादीत नाही.
- मोठ्या घुमटाच्या कॅथेड्रलचं एकत्रित तिकीट इथं चालत नाही. दोन्ही संस्था वेगळ्या.
- ७२ तासांचा शहराचा पास मिळतो. तीन दिवसांत सात-आठ मोठी ठिकाणं उरकणार असाल तरच तो परवडतो. आईबाबांना घेऊन जाणार असाल तर नाही उरकणार, सांगून ठेवते.
- नाव नीट वाचा. रोममध्ये 'सान्ता क्रोचे इन जेरुसालेम्मे' आहे, दक्षिणेला लेच्चे गावात आणखी एक सान्ता क्रोचे आहे. आरक्षण करताना 'फिरेंझे' हे शब्द दिसतायत ना, ते पाहा. फ्लॉरेन्सचं इटालियन नाव फिरेंझे, स्टेशनवरही तेच लिहिलेलं असतं.

पहिल्या वेळी मी एका मध्यस्थ संकेतस्थळावरून 'रांग टाळा' असं तिकीट घेतलं, जवळजवळ दुप्पट पैशांत. पोहोचले तेव्हा रांगेत सहा माणसं होती. इथं उफीझी संग्रहालयासारखी मैलभर रांग सहसा नसते. अधिकृत खिडकीवर किंवा अधिकृत संकेतस्थळावर काढा, पुरे. एकच तिकीट चर्च, त्याच्या आवारातला आतला चौक, पाझ्झी चॅपेल आणि जुनं भोजनगृह या सगळ्याला चालतं. मात्र एकदा बाहेर पडलात की पुन्हा आत सोडत नाहीत.

३. बरोबर काय घ्यायचं

व्हिसाची सगळी कहाणी इथं सांगत नाही. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास-विमा, एवढं ध्यानात असू द्या. चर्चपुरती यादी अशी:

- तिकीट मोबाइलवर, आणि त्याचा स्क्रीनशॉट. जाड दगडी भिंतींच्या आसपास नेटवर्क दगा देतं.
- पासपोर्टची छायाप्रत. सवलतीचं तिकीट असेल तर वयाचा पुरावा मूळ स्वरूपात.
- खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे. ऐन उन्हाळ्यातही. बिनबाह्यांचा कुर्ता असेल तर ओढणी कामी येते.
- छोटी दुर्बीण. सगळे हसतात, आणि आत गेल्यावर मागतात. भित्तिचित्रं खूप उंचावर आहेत.
- मऊ तळाचे बूट. फरशी दगडी, थंड आणि थडग्यांच्या उठावांमुळे खालीवर झालेली.
- हिवाळ्यात आतसुद्धा जाड स्वेटर. बाहेरच्यापेक्षा आत गार वाटतं.

मोठी बॅग नको. स्टेशनवर सामान ठेवायची सोय आहे, तिथं ठेवून या. फोटो फ्लॅशशिवाय काढू देतात.

४. पोहोचायचं कसं, आणि दार कुठलं

सान्ता मारिया नोवेल्ला हे मुख्य स्टेशन. तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटं. वाटेत कॅथेड्रल लागतं, मग सिन्योरिया चौक, आणि त्याच्या मागून 'बोर्गो देई ग्रेची' नावाची गल्ली थेट सान्ता क्रोचेच्या चौकात नेऊन सोडते. गल्लीच्या तोंडाशी पांढऱ्या-हिरव्या संगमरवराचा तो दर्शनी भाग अचानक समोर येतो, म्हणून हीच वाट धरा.

भाड्याची गाडी घेऊन येत असाल तर कृपा करून शहराबाहेर लावा. जुन्या गावात 'झेड टी एल' म्हणजे परवान्याशिवाय गाडीला बंदी असलेला भाग आहे. कोणी अडवत नाही, फक्त कॅमेरा नंबर टिपतो. तुम्ही घरी परतून फराळाचे फोटो टाकत असता तेव्हा दंडाचं पत्र येतं.

आता दार. बहुतेक जण दर्शनी भागाच्या पायऱ्या चढून मधल्या मोठ्या दाराशी जातात. मीही गेले होते. पर्यटकांचा प्रवेश तिथून नाही. चर्चकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या अंगाला, लार्गो बार्जेल्लीनी नावाच्या बाजूच्या रस्त्यावर प्रवेश आहे.

तरी पायऱ्यांवर दोन मिनिटं थांबा. चर्च तेराव्या शतकातलं असलं तरी हा दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकातला, १८५३ ते १८६३ या काळातला आहे. तोवर समोरची भिंत ओबडधोबडच होती. वर मध्यभागी सहा टोकांचा मोठा तारा दिसेल. वास्तुरचनाकार निकोलो मातास ज्यू होता. ज्यूधर्मीय असल्यानं त्याला आत जागा मिळाली नाही, तो बाहेर उंबरठ्यापाशी पुरलेला आहे. डावीकडे कपाळाला आठ्या घातलेला दान्तेचा पुतळा आहे, १८६५ सालचा. आधी तो चौकाच्या मधोमध होता.

५. आत गेलात की थडग्यांकडे वळू नका

माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच. आत पाऊल टाकल्याबरोबर सगळे गट मायकेलँजेलोकडे धावतात. तुम्ही उलट करा. सरळ वेदीच्या दिशेनं, गाभाऱ्याकडे चालू लागा. थडगी कुठं जात नाहीत. डोळे मात्र थकतात, आणि ताज्या डोळ्यांनी बघायचं ते जोत्तोला.

चालताना एक अडचण येईल, निदान आमच्या घरच्यांना आली. आत शिरताच आईनं पहिला प्रश्न विचारला, "चपला कुठं काढायच्या?" काढायच्या नसतात म्हटल्यावर ती खाली बघत चालू लागली आणि फरशीवर कोरलेला माणूस दिसताच थबकली. हात जोडलेला, डोळे मिटलेला, शेकडो वर्षांच्या पावलांनी नाक-डोळे झिजून गेलेला. "अगं, समाधीवर पाय कसा द्यायचा?" मग ती दोन दगडांच्या मधून, फुगडीची पावलं टाकावीत तशी चालली. ज्यांनी स्वतःला फरशीत पुरून घेतलं त्यांना लोकांनी वरून चालावं याचं वाईट वाटत नसावं, नम्रतेचाच तो भाग होता. पण तुमच्याही घरी असं कोणी असेल तर घाई करू नका. काही नक्षीदार दगडांना दोरी लावलेली असते, तिथं तर कोणीच जायचं नाही.

वेदीच्या लगेच उजवीकडे दोन अरुंद चॅपेलं आहेत: पहिलं बार्दी, दुसरं पेरुझ्झी. ही दोन्ही सावकार घराणी. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डला यांनी कर्ज दिलं आणि १३४० च्या दशकात दोघंही बुडाली. चित्रं मात्र टिकली, तीही कशीबशी.

बार्दी चॅपेलमध्ये संत फ्रान्सिसचं आयुष्य आहे. डाव्या भिंतीवर अगदी खालचं चित्र बघा: फ्रान्सिस मरण पावलाय, भोवती त्याचे साधू. कोणी हात कवटाळतोय, कोणी पायाशी वाकलाय, आणि पाठमोरा एक जण गुडघ्यावर बसून त्याच्या कुशीतल्या जखमेत बोट घालून खात्री करून घेतोय (येशूसारख्या जखमा फ्रान्सिसच्या अंगावर उमटल्या असं मानतात). प्रत्येकाचं दुःख वेगळं आहे. सातशे वर्षांपूर्वी, जेव्हा चित्रातली माणसं देवघरातल्या टाकांसारखी ताठ असायची, तेव्हा हे केलेलं. मधेच भिंतीवर कोरे, मोठे चट्टे दिसतील. अठराव्या शतकात या भिंतींना चक्क चुना फासला गेला आणि नंतर चित्रांवरच थडग्यांची स्मारकं ठोकली गेली. पुढच्या शतकात चुना खरवडून चित्रं वर काढली. ते चट्टे म्हणजे त्या स्मारकांचे ठसे.

शेजारचं पेरुझ्झी चॅपेल फिकट दिसेल. जोत्तोनं तिथं बरंचसं काम ओल्या गिलाव्याऐवजी कोरड्यावर केलं, त्यामुळे रंग भिंतीत मुरला नाही आणि झडला. तरी थांबा. तरुण मायकेलँजेलो इथं उभा राहून या भिंतीवरच्या आकृत्या उतरवून घ्यायचा, त्याचं एक रेखाटन आज पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहे. म्हणजे ज्याचं थडगं बघायला लोक धावतात, तो स्वतः याच कोपऱ्यात यायचा.

उजव्या आडव्या दालनाच्या टोकाला बारोन्चेल्ली चॅपेल आहे, जोत्तोचा शिष्य ताद्देओ गाद्दीचं. मेंढपाळांना देवदूत दिसतो तो प्रसंग शोधा. काळोखी रात्र आणि डोंगरावर एकाच दिव्यातून पडावा तसा उजेड. दुर्बीण इथं काढा.

डाव्या आडव्या दालनाच्या टोकाशी शिल्पकार दोनातेल्लोचा लाकडी क्रूस आहे. गोष्ट अशी सांगतात, की त्याचा मित्र, कॅथेड्रलचा घुमट बांधणारा ब्रुनेल्लेस्की, यानं तो बघून म्हटलं, 'तू तर क्रूसावर शेतकऱ्याला चढवलंस.' खरं सांगू, मला तो शेतकरीच आवडला. त्याच बाजूच्या निक्कोलीनी चॅपेलमध्ये १८१७ साली फ्रेंच लेखक स्तांदालनं छताची चित्रं बघितली आणि बाहेर पडताना त्याच्या छातीत धडधडू लागलं, पाय लटपटले. कलाकृती बघून येणाऱ्या अशा भोवळीला १९७९ मध्ये इथल्याच एका मनोविकारतज्ज्ञ बाईंनी स्तांदालचंच नाव दिलं. तुम्हाला भोवळ आली तर आधी नाश्ता केला होता का ते आठवा. बसायला बाकं आहेत, बसा.

६. आता थडगी: प्रत्येकासमोर एकच प्रश्न विचारा

'हा माणूस खरंच इथं आहे का, आणि असेल तर कधी आला?' एवढा प्रश्न धरून चाललात की संगमरवराच्या रडक्या बायका (प्रत्येक थडग्यावर आहेत, किमान एक) एकसारख्या वाटायच्या थांबतात. कारण इथले मोठे मेलेले लोक जवळजवळ सगळे उशिरा आलेत.

वेदीकडे तोंड करून उजव्या हाताची भिंत, दर्शनी दाराच्या बाजूनं सुरू करा.

मायकेलँजेलो. १८ फेब्रुवारी १५६४ ला रोममध्ये वारला, नव्वदीला टेकलेला. रोमवाल्यांना तो तिथंच हवा होता. पुतण्यानं देह व्यापारी मालाच्या गठ्ठ्यात बांधून फ्लॉरेन्सला पळवून आणला. स्मारकाची रचना चित्रकार-वास्तुकार वसारीची. खाली बसलेल्या तीन बाया म्हणजे चित्रकला, शिल्पकला आणि वास्तुकला. पुतळे दुसऱ्यांनी केलेत हे बघताक्षणी कळतं, आणि त्याला ते कितपत आवडलं असतं अशी शंका येते. दाराजवळची ही जागा त्यानंच मागितली होती, म्हणजे कयामतीच्या दिवशी दारं उघडताच त्याला ब्रुनेल्लेस्कीचा घुमट दिसावा, असं गाइड सांगतात. दंतकथा म्हणून छान आहे.

दान्ते. भलंमोठं स्मारक आणि आत कोणीच नाही. १३०२ मध्ये फ्लॉरेन्सनं त्याला हद्दपार केलं, १३२१ मध्ये तो रावेन्नाला वारला. पुढे शहराला पश्चात्ताप झाला. १५१९ मध्ये पोपची परवानगीही मिळाली, पण अस्थी आणायला माणसं जाईपर्यंत रावेन्नाच्या साधूंनी त्या लपवून ठेवल्या होत्या. १८६५ मध्ये त्या सापडल्या, रावेन्नातच राहिल्या. फ्लॉरेन्स आजही दरवर्षी दान्तेच्या समाधीवरच्या दिव्याला तेल पाठवतं. दिव्याच्या तेलावर समजूत! इथलं रिकामं स्मारक एकोणिसाव्या शतकातलं.

पुढे नाटककार आल्फिएरी (शिल्प कानोव्हाचं), मग राजकीय विचारवंत माकियाव्हेल्ली. हा १५२७ ला गेला आणि स्मारक उभं राहिलं १७८७ मध्ये. लॅटिन ओळीचा अर्थ साधारण असा: एवढ्या नावापुढे कुठलीच स्तुती पुरी पडत नाही.

इथं क्षणभर थडगी सोडा. शेजारी भिंतीत राखाडी दगडावर सोनेरी काम केलेलं दोनातेल्लोचं 'शुभवार्ता' शिल्प आहे, देवदूत मरियेला येशूच्या जन्माची वार्ता सांगतो तो प्रसंग. मरिया दचकून उठायला निघालीय, पण मान वळवून ऐकतेही आहे. गट याच्यासमोरून न थांबता जातात. तुम्ही थांबा.

त्यानंतर इतिहासकार लिओनार्दो ब्रूनी, रोस्सेल्लीनोनं घडवलेला, छातीवर पुस्तक घेऊन निजलेला. मग संगीतकार रोस्सीनी: १८६८ ला पॅरिसमध्ये वारला, १८८७ ला इथं आणला. आणि कवी फोस्कोलो, ज्यानं १८०७ मध्ये थडग्यांवरच्या कवितेत याच चर्चमधल्या थोरांना वंदन केलं. तो १८२७ मध्ये लंडनला परागंदा अवस्थेत गेला आणि ४४ वर्षांनी, १८७१ मध्ये, इथं पोहोचला.

आता समोरच्या भिंतीला, बरोबर मायकेलँजेलोच्या समोर, गॅलिलिओ. त्याच्यासाठी वेळ ठेवा. १६३३ च्या खटल्यानंतर नजरकैदेत असतानाच ८ जानेवारी १६४२ ला तो गेला. धर्मसत्तेनं दोषी ठरवलेल्या माणसाला चर्चमध्ये मोठं स्मारक कसं द्यायचं? म्हणून त्याला आतल्या बाजूच्या एका लहान खोलीत गुपचूप ठेवलं. शिष्य विविआनी जन्मभर स्मारकासाठी धडपडला, मृत्युपत्रात पैसे ठेवून गेला. १२ मार्च १७३७ ला, तब्बल ९५ वर्षांनी, देह इथं हलवला. तेव्हा गुरू आणि शिष्य यांच्याबरोबर एका स्त्रीचे अवशेषही निघाले. ती त्याची जोगीण झालेली मुलगी मारिया चेलेस्ते असावी असं मानतात. तिघं आता एकत्र आहेत, पण तिच्या नावाचा ठसा त्या भव्य स्मारकावर शोधू नका. त्याच दिवशी भक्तांनी गॅलिलिओची काही बोटंही काढून घेतली. मधलं बोट उफीझीच्या मागे, नदीकाठच्या गॅलिलिओ संग्रहालयात काचेच्या अंड्यात उभं आहे. दहा मिनिटांची चाल, जमलं तर त्याच दिवशी बघा.

लिओनार्दो दा विंची, मार्कोनी, फेर्मी यांची नावंही भिंतींवर दिसतील. ती नुसती स्मृतिफलकं. विंची फ्रान्समध्ये आहे, फेर्मी शिकागोत.

७. साक्रिस्ती चुकवू नका: पुराची खूण

उजव्या आडव्या दालनातून एक दार आतल्या मार्गिकेत उघडतं. तिथून साक्रिस्ती, म्हणजे धर्मगुरूंची तयारीची खोली. पाटी लहान आहे, पहिल्या वेळी माझं इथंच हुकलं.

आत वर टांगलेला, चित्रकार चिमाबुएनं रंगवलेला क्रूस आहे, तेराव्या शतकाच्या अखेरचा, साडेचार मीटरच्या आसपास उंच. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पहाटे आर्नो नदी शहरात शिरली. हा भाग सखल, त्यामुळे इथं पाणी सर्वांत जास्त चढलं, काही ठिकाणी पाच मीटरच्या घरात. त्यात घरं तापवायच्या टाक्यांमधलं तेल मिसळलं होतं. क्रूस तेव्हा भोजनगृहात होता. पाणी ओसरलं तेव्हा साठ टक्क्यांच्या आसपास रंग गेलेला होता, आणि साधू चिखलातून रंगाचे कपचे गोळा करत होते. दहा वर्षांनी, १९७६ मध्ये, तो परत आला. जिथं रंग उरला नव्हता तिथं नवं चित्र न रंगवता बारीक रंगरेषांची जाळी भरली. लांबून ती मिसळून जाते, जवळून दुरुस्ती आहे हे कळतं. येशूचा चेहरा अर्धा गेलाय आणि तो तसाच ठेवलाय.

कोल्हापुरात २०१९ चा पूर बघितलेली माझी आई या खोलीत सर्वांत जास्त वेळ उभी होती. थडग्यांसमोरही नाही एवढी. "पाण्याची रेघ कुठंपर्यंत होती?" तिनं विचारलं. आसपासच्या गल्ल्यांमध्ये '४ नोव्हेंबर १९६६' लिहिलेल्या पाट्या भिंतींवर डोक्याच्याही वर लावलेल्या आहेत, त्या मी तिला बाहेर पडल्यावर दाखवल्या.

भोजनगृहात वसारीचं १५४६ मधलं 'शेवटचं भोजन' आहे. तेही त्या पुरात बुडालं होतं, भिंतीवर परत यायला २०१६ उजाडलं. आता पूर आला तर ते वर खेचून घेता येईल अशी यंत्रणा मागे बसवली आहे.

८. चौक आणि पाझ्झी चॅपेल

चर्चच्या उजव्या अंगाला आपल्या वाड्यातल्यासारखा चौक आहे, भोवती ओसरी, मध्ये हिरवळ. एवढ्या संगमरवरानंतर इथं बरं वाटतं. समोर ब्रुनेल्लेस्कीचं पाझ्झी चॅपेल. पांढऱ्या भिंती, राखाडी दगडाच्या पट्ट्या, वर्तुळं, चौरस, बस. चित्रांची दाटी नाही. ब्रुनेल्लेस्की १४४६ मध्ये गेला तेव्हा ते पुरं झालं नव्हतं. पुढे पाझ्झी घराण्यानं २६ एप्रिल १४७८ ला कॅथेड्रलमध्ये भर प्रार्थनेत, तेव्हा शहरावर वर्चस्व असलेल्या मेदिची घराण्यातल्या दोघा भावांवर हल्ला केला, ज्युलियानोला मारलं, लोरेन्झो निसटला. घराण्याचा प्रमुख याकोपो पाझ्झी फासावर गेला, सान्ता क्रोचेत पुरला गेला, आणि मग लोकांनी त्याला उकरून शहरभर फरफटत नेऊन आर्नोत टाकलं. मायकेलँजेलो पळवून आणला, हा हाकलला.

ओसरीत फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं स्मारक आहे. ती १८२० मध्ये या शहरात जन्मली, म्हणून तिचं नाव फ्लॉरेन्स.

मागच्या बाजूला चामड्याची शाळा आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ मुलांना हुन्नर मिळावा म्हणून साधूंनी सुरू केलेली. कारागीर काम करताना बघता येतात. किमती बघून मी नुसतं बघितलं. चौकात बाहेर 'अस्सल फ्लॉरेन्स चामडं' म्हणून स्वस्तात विकतात, त्याच्या अस्सलपणाची हमी कोण देणार?

९. पोटोबा

शाकाहारी असाल तर 'लाम्प्रेदोत्तो' हा शब्द पाठ करा आणि टाळा. गाड्यांवर पावात घालून देतात तो गायीच्या पोटाचा भाग असतो. 'पाप्पा अल पोमोदोरो' (टोमॅटो आणि शिळ्या पावाची लापशी म्हणा) आणि 'रिबोल्लीता' (पाव, घेवडा, पालेभाज्या) हे इथले घरगुती पदार्थ. रस्सा मांसाचा आहे का ते विचारून घ्या. चर्चपासून सात-आठ मिनिटांवर सांत आम्ब्रोज्योचा बाजार आहे, दुपारी दोनच्या आत गाठा, रविवारी बंद. चौकातल्या खुर्चीवर बसलात की कॉफीचा दर वाढतो, काउंटरला उभ्यानं प्यायलात तर निम्म्यात होते.

१०. वेळ उरला तर, आणि कोल्हापूरचे असाल तर उरवाच

शहराच्या पश्चिमेला नदीकाठी कास्चीने नावाची लांबच लांब बाग आहे. तिच्या अगदी टोकाला, मुन्योने ओढा आर्नोला मिळतो तिथं, एक छत्री उभी आहे. आत फेटा बांधलेल्या तरुणाचा अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला, विशीत, ते या शहरात वारले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. दहन ही तिथं न ऐकलेली गोष्ट, पण परवानगी मिळाली आणि या संगमावर चिता रचली गेली. छत्री १८७४ मधली, रचना मेजर मँटची, ज्यानं पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावही 'इंदियानो'.

स्टेशनवरून ट्रामनं बागेच्या पहिल्या टोकापर्यंत जाता येतं, पण छत्री दुसऱ्या टोकाला आहे. पुढे तीन-एक किलोमीटर चाल. सायकल भाड्यानं घेतली तर उत्तम. वाटेत पाण्याची बाटली विकत मिळेलच असं नाही, बरोबर ठेवा.

आम्ही पोहोचलो तेव्हा पोरं सायकली फिरवत होती, एक आजोबा कुत्र्याला घेऊन बसले होते. आईनं कोणाला न विचारता चपला काढल्या आणि गवतावरून छत्रीपर्यंत गेली. परतीला अंधार पडला आणि बागेच्या त्या टोकाला दिवे फारसे नाहीत, तेव्हा सूर्य मावळायच्या तासभर आधी निघा.